राज्यशास्त्राचा हप्ता

तो आला तेव्हा त्याच्या छत्रीचं पाणी माझ्या टेबलावर ठिबकत होतं, आणि मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "छत्री बाहेर ठेवा."

"बाहेर ठेवली की जाते," तो म्हणाला. "मागच्या वेळी तुमच्याच कॉलेजातून गेली. शिकलेल्या लोकांचा भरवसा नसतो."

असं म्हणून त्याने छत्री मिटली, दोन पायांच्या मधे उभी धरली आणि माझ्याकडे बघून हसला. आधी डोळ्यांनी, मग जरा उशिराने ओठांनी. बाहेर भर दुपारी अंधारून आलं होतं. प्रवेश कक्षातले दिवे लावले होते तरी सगळ्यांचे चेहरे राखेच्या रंगाचे दिसत होते. त्याचा तेवढा दिसत नव्हता.

त्याच्याबरोबर त्याची धाकटी बहीण होती. खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली, "मला राज्यशास्त्र घ्यायचंय. दुसरं काही सुचवू नका."

माझं काम तेच होतं - सुचवायचं. खासगी कॉलेज होतं. आलेल्याला खुर्ची द्यायची, माहितीपत्रक द्यायचं, आणि तो उठायच्या आत त्याच्याकडून प्रवेशाचा फॉर्म भरून घ्यायचा. शेजारच्या टेबलावर शिक्षणासाठी कर्ज मिळवून देणारा माणूस बसायचा. माझ्याकडून उठलेलं माणूस सरळ त्याच्या तोंडात जायचं.

तो माहितीपत्रकाचं शेवटचं पान बराच वेळ बघत राहिला. तिथे फी छापलेली होती.

"म्हणजे दुकान गहाण टाकावं लागेल," तो शांतपणे म्हणाला. "टाकू. पण मॅडम, एक सांगा. शिकून झाल्यावर यातून मिळतं काय?"

"संधी भरपूर आहेत. प्रशासन, पत्रकारिता, संशोधन..."

"दुकानदार 'भरपूर आहे' कधी म्हणतो माहितेय? माल खपत नसला की."

"दादा!" धाकटीने त्याला कोपर मारलं.

"बरं, राहिलं. हे शिकलेलं तुमच्या ओळखीचं कुणी आहे?"

असं कुणी विचारत नसे. लोक पगाराचे आकडे विचारायचे, आणि आकडे आमच्याकडे छापील होते.

"आहे," मी म्हणाले.

"कुठे असतात?"

"तुमच्यासमोर बसल्यात."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं - मला उगाच कानापर्यंत गरम झालं - आणि मग कळलं की तो माझ्या चष्म्याकडे बघतोय. उजवी काडी मी चिकटपट्टीने बांधली होती.

"कधी तुटली?"

"झाला महिना."

"उत्तर नंतर द्या. आधी चष्मा घेऊन या. बसथांब्यासमोर माझं दुकान आहे. बाहेर दोन मोठे डोळे रंगवलेत, चुकायची सोय नाही."

मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी काडी पुरतीच निखळली, आणि मी स्वतःला सांगितलं की मी काडीसाठी चाललेय.

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींना आरसे. मागे एक पडदा, पडद्यामागे त्याची आई चष्म्यांच्या काचा पुसत बसलेली. त्याने मला उंच खुर्चीत बसवलं.

"नंबरही बघून घेऊ. सरळ बघा."

"कुठे?"

"माझ्याकडे... नाही, खाली नाही. खाली बघितलं की लाजल्यासारखं वाटतं."

"मी लाजत नाहीये."

"मग बघा की."

त्याने माझ्या कपाळाशी लहानशी पट्टी धरली आणि दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं. त्याच्या बोटांना काच धुवायच्या साबणाचा वास होता. श्वास कुठे सोडावा ते मला कळेना.

"अंतर जरा जास्त आहे," तो म्हणाला. "अशा माणसांना लांबचं चांगलं दिसतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आत्ताच मी म्हणालो ना!"

मग नवी काडी बसवता बसवता, माझ्याकडे न बघता, त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, शिकून यातून मिळतं काय. आणि मी सांगून टाकलं. घरी जे कधी उच्चारलं नव्हतं, ते एका चष्मेवाल्याला सांगितलं.

"बी.ए., एम.ए. दोन्ही कर्जावर केलं. वाटलं होतं, तीन-चार वर्षांत फिटेल. पण नोकरी लागायलाच दोन वर्षं गेली. तोवर व्याजाला पाय फुटले. आता निम्मा पगार हप्त्यात जातो, उरलेल्यातून घरभाडं आणि बाबांची औषधं. बाबा जामीन आहेत. माझ्याबरोबरच्या ज्या मुली हिशेबाचं शिकल्या, त्या घरं घेतायत. मी चष्म्याला चिकटपट्टी लावते."

"आणि मिळालं काय?"

मी विचार केला. खरंच केला, कारण तो थांबला होता.

"आमच्या गल्लीचं पाणी तोडलं होतं. कुणाला विचारायचं, कुठल्या नियमाखाली विचारायचं, ते मला माहीत होतं. पाणी आलं. साहेब ओरडला की बाकीचे थरथरतात. मी नाही. साहेब कसे घडतात ते मी शिकलेय." तो हसला. मी पुढे म्हणाले, "पण याचे पैसे कुणी देत नाही हो."

"पस्तावा होतो?"

"हप्ता जातो त्या दिवशी होतो. एरवी नाही."

"मग धाकटीला काय सांगू?"

इथे मी पडद्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, जणू आमच्या प्रवेश कक्षाच्या प्रमुख मॅडम तिथे उभ्या असाव्यात.

"राज्यशास्त्रच घेऊ दे. फक्त आमच्याकडे नको. जुन्या पुलापलीकडे सरकारी कॉलेज आहे. छत गळतं, पण शिकवणारे चांगले आहेत. आणि फी... आमच्याकडची मुलं तेवढी वहीपेनावर घालवतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा अशाच एका टेबलासमोर बसले होते."

त्याने चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला, कानामागचे केस हलकेच बाजूला केले.

"काडीचे किती झाले?" मी विचारलं.

"काडीमोल."

धाकटीला सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला. त्यानंतर माझी बस रोज दुकानासमोर यायची आणि रोज निघून जायची. मी पुढची पकडायची. कधी कधी पुढचीही जायची.

"काय लोकशाही, आज उशीर?" तो दारातूनच विचारायचा.

"मतमोजणी चालू होती."

"कोण आलं निवडून?"

"एकच उमेदवार होता. बिनविरोध."

मग तो मान खाली घालून उगाचच एखादी फ्रेम घासत बसायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे. मला ते फार आवडायचं. त्या वर्षी आकाश उघडत नव्हतं, रस्ते ओले असायचे, आणि दिवसभरात मला कुणी पाहत असेल तर ते त्या दुकानात. दोघांनीही कशाचं नाव घेतलं नव्हतं. घाई काय होती?

धाकटीने मात्र मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी त्यांच्या मैत्रिणींना. चौकशीला आलेल्या मुली माझ्याकडे येऊन हळूच विचारायला लागल्या, "ताई, ते पुलापलीकडचं कॉलेज..." मी खोटं बोलले नाही. एक दिवस मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

"तू इथे पगार कशाचा घेतेस?"

माझ्याकडे चांगलं उत्तर होतं. पण त्यांचंही चुकत नव्हतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारीला कोण ठेवेल? मी नोकरी सोडली, डबा आणि छत्री घेऊन निघाले.

पहिला हप्ता साठवलेल्यातून गेला. दुसरा गेला नाही. वसुलीवाल्यांनी मला फोन केले, मग बाबांना करायला लागले. बाबा जन्मभर पोस्टात होते, कुणाचं देणं एक दिवस ठेवलं नव्हतं त्यांनी. फोन वाजला की ते तो उशीखाली सारायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "कुणी नाही, चुकीचा नंबर."

मग एके दिवशी ते अंगात नारिंगी जाकीट घालून घरी आले. बाजाराच्या इमारतीखाली गाड्या लावतात तिथे पावत्या फाडायचं काम धरलं होतं.

"बाबा, हे काय?"

"बसून अंग आंबलं होतं."

"या वयात? त्या धुरात?"

"पोरगी राज्यशास्त्र शिकली तेव्हापासून घरात लोकशाही आलीय," ते बूट काढत म्हणाले. "मला कुणी विचारत नाही, म्हणून मीही कुणाला विचारलं नाही."

मी हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

हे त्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दुकान गहाण टाकतो. नाहीतरी बहिणीसाठी टाकणारच होतो."

"वेडा आहेस का?"

"थोडा. तुला आत्ता कळलं?"

पडद्यामागे काच पुसायचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे त्याची आई, आमच्या घरी आल्या. बाबा कामावर होते. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच ठेवलं.

"तू मला आवडतेस, म्हणून आले," त्या म्हणाल्या. "नाहीतर निरोप धाडला असता. ह्याचे वडील आजारी पडले तेव्हा आम्ही दुकान गहाण टाकलं. ते गेले, कर्ज राहिलं. वसुलीवाला रोज येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचा. हा शाळेतून यायचा आणि त्याच्यादेखत तो माणूस मला..." त्या थांबल्या. "असो. ते दुकान मी दातांनी ओढून परत आणलंय, पोरी. नाकापेक्षा मोती जड झाला की नाक फाटतं. आमचं एकदा फाटलंय."

राज्य, सत्ता, करार, हक्क - सगळं मी शिकले होते. त्या बाईला द्यायला माझ्याकडे त्यातलं एक वाक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचंच पटत होतं.

"काकू, दुकान गहाण पडणार नाही," मी म्हणाले.

मतचाचणी करणाऱ्या एका कंपनीला माणसं हवी होती. राज्यशास्त्र चालत होतं, नव्हे, तेच हवं होतं. गावोगाव फिरायचं, दारं वाजवायची, कुणाला मत देणार ते विचारायचं. पगार बरा होता, घर मात्र सुटत होतं. मी होकार कळवून टाकला आणि त्याला शेवटी सांगितलं.

बस सुटायच्या आधी तो आला. सकाळ असूनही धुक्याने दिवे चालू होते. तो धापा टाकत होता, शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "म्हणजे... प्रेम आहे माझं. आधी बोलायला हवं होतं. मला वाटलं, तुला दिसतंय."

"दिसत होतं."

"मग?"

"मग काही नाही. बाबांना या जामिनातून सोडवल्याशिवाय मी कुणाच्या घरात पाय ठेवणार नाही. तू थांबू नकोस."

"ते ठरवणारी तू कोण? थांबायचा हक्क माझा आहे."

"तुझी आई..."

"आईशी मी बोलेन. तू तुझं सांग. तुझं आहे का?"

कंडक्टरने घंटा मारली. मी पायरीवर चढले. हो म्हटलं असतं तर उतरावं लागलं असतं, म्हणून मी काहीच म्हणाले नाही. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती. त्यातून तो दिसेनासा होईपर्यंत मी ती पुसली नाही.

कामाच्या गावी एका ओलसर खोलीत कंपनीच्या आम्ही चौघी राहायचो. दिवसभर परक्यांच्या उंबऱ्यांवर उभं राहायचं. लोक कुत्रं सोडायचे, पाणी द्यायचे, एखादी म्हातारी 'मत कुणाला' याऐवजी आपल्या सुनेचं सांगायची. हप्ते पुन्हा सुरू झाले. त्याचे फोन यायचे. मी घेतले नाहीत. एक जरी घेतला असता तरी परत आले असते. हळूहळू ते कमी झाले, आणि मग मी रोज फोनकडे बघायला लागले.

बाबांशी रविवारी बोलणं व्हायचं.

"काम कसं चाललंय?"

"गाड्या येतात, जातात. आपण पावती फाडायची. सरकार असंच चालतं ना ग?"

"खोकला येतोय तुम्हाला."

"धूर आहे जरा. तू जेवतेस ना?"

थंडी पडली. एका दुपारी मी कुणाच्या तरी ओट्यावर बसून प्रश्न विचारत होते, तेव्हा धाकटीचा फोन आला.

"ताई, तुझ्या बाबांना दवाखान्यात आणलंय. छातीत दुखलं. दादा आहे त्यांच्याजवळ. तू निघ."

दादा तिथे कसा, हे विचारायचंही सुचलं नाही. दोन बस बदलून संध्याकाळी पोचले. तो दवाखान्याच्या बाकावर बसला होता. मांडीवर नारिंगी जाकीट नीट घडी करून ठेवलं होतं. त्या घडीवरूनच मला कळलं.

त्याने सरकून जागा करून दिली. मी बसले. माझे बाबा माझ्या कर्जाला जामीन राहिले होते, आणि जामीन असतानाच गेले. मी ज्यासाठी सगळं सोडून गेले होते, ते करायच्या आत.

पुढचे दिवस त्याने सगळं पाहिलं. कागदपत्रं, दवाखान्याचं बिल, घरमालक. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. गरजेपेक्षा जवळ आला नाही, आणि लांबही गेला नाही. घर रिकामं झालं, नातेवाईक पांगले, तेव्हा मी बाबांची औषधं आवरत होते. डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटलीबरोबर नवा चष्मा निघाला. डबी त्याच्या दुकानाची होती.

मी तशीच दुकानात गेले. संध्याकाळ उतरत होती, बारीक पाऊस होता. तो मागे काच घासत होता. काकू पुढे बसल्या होत्या.

"बाबा इथे यायचे?" मी विचारलं.

"रोज," काकू म्हणाल्या. "काम सुटलं की. याच खुर्चीत बसायचे. तुला सांगू नका म्हणाले होते."

"का?"

"तुला वाटलं असतं, तुझ्यासाठी रदबदली करायला येतात. तसं एका शब्दाने केलं नाही त्यांनी. चहा प्यायचे, पोस्टातल्या गमती सांगायचे, आणि फिरून फिरून तुझ्यावर यायचे. एकदा मीच विचारलं. मला आडपडदा जमत नाही. म्हटलं, एवढं कर्ज करून पोरीला शिकवलीत, काय मिळवलंत? या वयात धुरात पावत्या फाडताय."

"काय म्हणाले?"

काकूंनी पदराने टेबल पुसलं. ते स्वच्छच होतं.

"म्हणाले, 'ताई, पोरगी महाग पडली मला. पण स्वस्तातली दुसरी मिळत असती तरी घेतली नसती.'"

दवाखान्यात मी रडले नव्हते. घरी चार माणसांत रडले नव्हते. तिथे, त्या उंच खुर्चीत, दोन्ही भिंतींच्या आरशांत दिसत असताना, हुंदके आवरेनात. काकूंनी रस्त्याकडचा दिवा तेवढा मालवला, बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून.

रडणं ओसरलं तेव्हा मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काकू, मी फिरतीची नोकरी सोडतेय. इथल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये तासावर राज्यशास्त्र शिकवायला बोलावलंय. पैसे बेताचे आहेत, पण हप्ता निघेल. कर्ज अजून बरीच वर्षं आहे. ते माझं आहे, मी फेडीन. बाबा सुटेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं मी. ते सुटले... असे सुटायला नको होते. आता मला तुमच्या मुलापासून लांब राहायला जमणार नाही. माझं प्रेम आहे त्याच्यावर."

मागे काच घासायचं यंत्र बंद झालं.

"अग," तो पडदा धरून उभा होता, "हे मला सांगायचं असतं."

"तुला माहीत होतं. यांना नव्हतं."

"मला कुठे माहीत होतं? मी विचारलं तेव्हा तू बसमध्ये चढलीस!"

त्याचे कान लाल झाले होते. काकू त्याच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"आणि दुकान?"

"दुकानाला हात लागणार नाही. मी शब्द देते..."

"शब्द नकोत. शब्द तुला पुष्कळ येतात, तेवढंच तर शिकलीस." त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "रोज संध्याकाळी शटर तू लावायचं. आपण ज्याला रोज आपल्या हाताने कुलूप घालतो ना, ते उद्या दुसऱ्याच्या हवाली करायला जीव धजत नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा."

आम्ही तिघं बाहेर आलो. रस्ता ओला होता, बसथांब्यावर दोन-चार माणसं अंग चोरून उभी होती. मी उडी मारून शटर पकडलं. ते निम्म्यावर येऊन अडकलं.

"थांब, त्याची एक युक्ती आहे..." तो पुढे झाला.

"तिला ओढू दे," काकू म्हणाल्या.

मी अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळले. गंजलेल्या पट्ट्या कुरकुरल्या, एक झटका बसला आणि शटर खडाखडा खाली आलं. मी गुडघ्यावर बसून कुलूप घातलं. उठले तेव्हा दोन्ही हात वंगणाने काळे झाले होते.

त्याने खिशातलं चष्मे पुसायचं मऊ फडकं काढलं, माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट पुसायला लागला. सावकाश, नखांच्या कडांपर्यंत. काकूंनी आमच्याकडे पाठ केली, छत्री उघडली, आणि बस येतेय का ते बघत उभ्या राहिल्या.